कमी वेगात अडखळणारी, पण मोकळ्या रस्त्यावर सुरळीत धावणारी मोटारसायकल

पोलादपूरकर

नमस्कार. माझ्याकडे 2008 सालची, 100 सीसीची, कार्बोरेटर असलेली मोटारसायकल आहे. यंदाच्या पावसाळ्यात ती बहुतेक काळ पडवीत उभी होती आणि तेव्हापासून तिचे रनिंग बिघडले आहे. चोक ओढल्यावर इंजिन सुरू होते, पण गरम झाले की आयडलिंगला, म्हणजे थ्रॉटल (एक्सलरेटर) सोडून नुसते चालू ठेवल्यावर, टिकत नाही. बाजारपेठेतून तिसऱ्या गिअरमध्ये हळू जाताना गाडी झटके देते, तर ताशी 40 किलोमीटरच्या पुढे तक्रारीला जागाच राहत नाही. उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो.

नवा प्लग बसवला, एअर फिल्टर स्वच्छ केला, तरी फरक पडला नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात आल्या. चोक अर्धा ओढून ठेवला तर झटके जवळजवळ थांबतात, आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गेल्यावर तीच गाडी घरच्यापेक्षा बरी आयडल होते. मेकॅनिकने आयडल स्क्रू आवळून इंजिनाचे फेरे वाढवून दिले आहेत आणि संपूर्ण कार्बोरेटर बदलण्याचा सल्ला दिला आहे. तो खर्च खरोखर आवश्यक आहे का?

जुना फिटर

अजिबात नाही. आपण नोंदवलेल्या शेवटच्या दोन गोष्टींतच निदान आहे. चोक ओढल्याने मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटर उंचीवर असल्याने तिथली हवा विरळ असते, त्यामुळे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्राचे पितळी तुकडे) तेच असूनही हवेच्या मानाने पेट्रोल थोडे जास्त पडते. दोन्ही वेळा गाडी सुधारते, याचा अर्थ एरवी तिला पेट्रोल कमी पडते आहे. मिश्रण आधीच पेट्रोलने जड असते, तर चोक ओढताच गाडी आणखी गुदमरली असती आणि घाटमाथ्यावर अधिक रडली असती.

आता पेट्रोल कुठे कमी पडते ते पाहू. कार्बोरेटरला गाडीचा वेग कळत नाही, त्याला फक्त थ्रॉटल किती उघडा आहे तेवढेच कळते. बंद थ्रॉटलपासून साधारण पाव भागापर्यंत पेट्रोल मुख्यतः स्लो जेटमधून येते, त्यापुढे स्लाइडला (थ्रॉटलसोबत वर-खाली होणाऱ्या झडपेला) लावलेल्या सुईचा अंमल असतो आणि थ्रॉटल पाऊण भागाच्या पुढे गेला की मेन जेटचा. आपली गाडी वरच्या टप्प्यांत चांगली चालते, म्हणजे टाकी, कॉक, फ्लोट आणि मेन जेट यांच्यावर संशय घेण्याचे कारण उरत नाही. स्लो जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि उभ्या गाडीतले पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहणारी राळ सर्वांत आधी तिथेच साचते.

बाऊल (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) उतरवून स्लो जेट काढा, कार्बोरेटर क्लीनरने भिजवा आणि हवेच्या दाबाने फुंका. छिद्रात तार, सुई किंवा ड्रिल कधीही घालू नका. पितळ मऊ असते, छिद्र किंचित मोठे झाले की जेटचे माप कायमचे बिघडते. उजेडासमोर धरल्यावर छिद्र गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे.

आयडल स्क्रू आवळण्याबद्दल मला तीव्र आक्षेप आहे. त्याने स्लाइड थोडी वर राहते आणि इंजिन बंद पडत नाही, इतकेच; मूळ दोष झाकला जातो आणि पुढच्या माणसाची तपासणी अवघड होते.

सह्याद्री स्वार

वरील निदान मला मान्य आहे, पण कार्बोरेटर बसवल्यावर त्याची सेटिंग करण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट) तपासून घ्यावेत. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वरच्या टोकाला आणून, फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावे. माप आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतलेच घ्यावे. टॅपेट घट्ट असेल तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटते. कमी फेऱ्यांत ते निसटायला वेळ जास्त मिळतो, म्हणून हा दोषही आधी आयडलिंगलाच जाणवतो. सैल टॅपेट टकटक करून स्वतःची जाणीव करून देतो, घट्ट टॅपेट मात्र शांत असतो, आणि आवाज नाही म्हणून अनेकदा तपासलाच जात नाही.

इंधनाचाही थोडा वाटा आहे. शुद्ध पेट्रोलच्या एक भागाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, तर 20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे 13.5. जुने जेट हा फरक ओळखत नाही, त्यामुळे 2008 च्या गाडीत मिश्रण मुळातच थोडे कमी पेट्रोलचे होते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर बाऊलचा ड्रेन स्क्रू उघडून तो रिकामा करून ठेवावा.

पोलादपूरकर

दोघांचेही मनापासून आभार. स्लो जेट पिवळसर राळेने जवळजवळ बुजलेला होता. तो साफ केल्यावर आणि टॅपेट मापात आणल्यावर झटके थांबले. मात्र थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचे फेरे लगेच खाली येत नाहीत, रेंगाळत उतरतात. हा टॅपेटचा परिणाम असेल का?

जुना फिटर

नाही, हे बाहेरची हवा ओढल्याचे लक्षण वाटते. आधी केबलला थोडा ढिलेपणा आहे आणि स्लाइड अडकत नाही एवढे पाहून घ्या. मग इंजिन आयडलवर ठेवून कार्बोरेटर आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. त्या क्षणी इंजिनाचा सूर बदलला तर गळती तिथेच आहे. क्लीनरचा फवारा गरम इंजिनावर पेट घेऊ शकतो, म्हणून तो टाळावा. बहुतेक वेळा तिथली ओ-रिंग (रबरी कडी) चपटी आणि कडक झालेली असते. कार्बोरेटर उतरवला की ती नवीनच घालावी, जुनी पुन्हा बसवू नये.

त्यानंतर इंजिन गरम करून मिश्रणाचा स्क्रू लावा. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर हवा वाढते; इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोल वाढते. हलक्या हाताने पूर्ण आत बसवून दीड-दोन फेरे बाहेर काढा, इंजिनाचे फेरे सर्वांत जास्त आणि स्थिर होतात ती जागा शोधा आणि मगच आयडल स्क्रू सैल करून इंजिन पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांवर आणा. इंजिनाच्या बाजूच्या स्क्रूची योग्य जागा तीन फेऱ्यांच्याही पुढे सापडत असेल, किंवा फिल्टरच्या बाजूच्या स्क्रूची अर्ध्या फेऱ्याच्या आत, तर स्लो जेट किंवा त्यापुढची बारीक वाट अजून पूर्ण मोकळी झालेली नाही असे समजून कार्बोरेटर पुन्हा उतरवा.