साम्राज्याचा वैमानिक, स्वतंत्र भारताचा राजदूत: हरदितसिंग मलिक यांच्याकडे कसे पाहावे?

गिरगावकर:
पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश हवाई दलात लढलेले मलिक स्वातंत्र्यानंतर कॅनडात भारताचे पहिले उच्चायुक्त झाले आणि १९४९ ते १९५६ या काळात फ्रान्समध्ये राजदूत होते. इंग्रजांसाठी लढलेल्या माणसाला स्वतंत्र देशाने प्रतिनिधी नेमणे चूक होते, हे मत अनेकदा ऐकू येते. मला ते अन्यायाचे वाटते. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या मलिक यांना भारतीय असल्यामुळे लढाऊ अधिकारी म्हणून दार बंद होते, म्हणून १९१६ मध्ये ते फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागले. फ्रेंच हवाई दल त्यांना घ्यायला तयार झाले, तेव्हा त्यांच्या ऑक्सफर्डमधील शिक्षकांनी एका इंग्रज सेनाधिकाऱ्याला लिहून हा भेदभाव उघडा पाडला आणि एप्रिल १९१७ मध्ये मलिक यांना अधिकारपद मिळाले. पगडी उतरवायला त्यांनी नकार दिला. पगडीवर बसेल असे शिरस्त्राण करून घेऊन ते सॉपविथ कॅमल विमान चालवत. २६ ऑक्टोबर १९१७ च्या चकमकीत त्यांच्या पायात गोळ्या घुसल्या, तरी जखमी अवस्थेत त्यांनी विमान आपल्या हद्दीत आणले. हे चाकराचे वागणे नव्हे.

परळची वाचक:
गिरगावकर, त्यांच्या धैर्याबद्दल माझा वाद नाही. परंतु एप्रिल १९१९ मध्ये त्यांच्याच पंजाबात जालियनवाला बाग घडली आणि त्यानंतरही त्यांनी त्याच सरकारची आयसीएसमधील (भारतीय सनदी सेवेतील) नोकरी केली, ती का, याचे उत्तर आपल्या लेखनात नाही. आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकरही त्याच दलात वैमानिक होते आणि जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मृत्युमुखी पडले. त्या तरुणाविषयी मला हळहळ वाटते, मात्र ते युद्ध आपले नव्हते.

पार्लेकर:
त्याच जून महिन्यात, १० तारखेला, मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्ध परिषद भरवली होती. टिळक स्वराज्याचा विषय काढू लागताच त्यांना थांबवण्यात आले आणि ते सभेतून निघून गेले. भारतीयांना सैन्यात अधिकारपदे देण्याचे वचन मिळाले, तर महाराष्ट्रातून ५,००० माणसे देतो, असे सांगून टिळकांनी हमी म्हणून ५०,००० रुपयांचा धनादेश गांधीजींकडे पाठवला होता. म्हणजे शस्त्र आणि अधिकारपद भारतीयाच्या हाती येणे, ही तेव्हा राष्ट्रीय मागणीच होती. मलिक यांनी ते पद एक वर्ष आधीच मिळवले होते, हे विसरून त्यांना राजनिष्ठ ठरवता येणार नाही.

परळची वाचक:
पार्लेकर, टिळकांनी सगळ्यांसाठी अट घातली होती. मलिक यांना प्रवेश मिळाला तो त्यांच्यापुरता. हा फरक मला लहान वाटत नाही.

गिरगावकर:
फरक आहे, हे मान्य. पण एकाला प्रवेश मिळाल्यावर इतरांना नाकारण्याचे कारण उरत नाही, आणि राजदूत म्हणून त्यांचे मोजमाप त्यांच्या त्या कामावर व्हावे. ते पॅरिसमध्ये असतानाच फ्रेंचांच्या ताब्यातील पुदुच्चेरीचा कारभार १ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताकडे आला. गोव्याबाबत पोर्तुगाल चर्चेलाच तयार नव्हता, म्हणून आपण १९५३ मध्ये लिस्बनमधील दूतावास बंद केला आणि अखेर १९६१ मध्ये सैन्य पाठवावे लागले. फ्रान्सशी संवाद टिकला, यात तिथल्या राजदूताचा वाटा शून्य कसा म्हणता येईल?

परळची वाचक:
शून्य मी म्हणत नाही. मात्र पुदुच्चेरीजवळच्या किळूर येथे १७८ पैकी १७० लोकप्रतिनिधींनी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिले आणि करार दिल्लीत झाला. तेव्हा पहिले श्रेय त्या प्रतिनिधींचे आणि त्यांच्यामागच्या चळवळीचे आहे. मलिक यांना त्यांच्यानंतरचे स्थान द्यायला माझी हरकत नाही, परंतु जालियनवाला बागेनंतरच्या नोकरीविषयीचा माझा आक्षेप त्याने पुसला जात नाही.