‘बहुधा’ नेमके किती टक्के?

‘पॉसिबल’, ‘प्रॉबेबल’ आणि ‘लाइकली’ या तिन्हींसाठी मराठीत ‘बहुधा’ चालते, हे काहींचे मत ‘पॉसिबल’पुरते तरी मान्य करता येणार नाही, कारण तो शब्द एखादी गोष्ट घडणे अशक्य नाही एवढेच सांगतो. अर्थात खुद्द इंग्रजी भाषकांतही या शब्दांच्या वजनाबद्दल एकमत नसते. युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे, असे १९५१ च्या एका अमेरिकी गुप्तचर अहवालात म्हटले होते. तो तयार करणाऱ्यांपैकी शर्मन केंट यांच्या मनात हल्ला होण्याच्या बाजूने ६५ विरुद्ध ३५ असे प्रमाण होते. सहकाऱ्यांना विचारले तेव्हा कोणी २० विरुद्ध ८० सांगितले, तर कोणी ८० विरुद्ध २०, आणि गंमत म्हणजे मसुदा सर्वांनी मिळूनच संमत केलेला होता! पुढे केंट यांनी ‘प्रॉबेबल’ म्हणजे ७५ टक्के, त्यात १२ टक्के इकडेतिकडे, असे कोष्टकच मांडले. आयपीसीसी या हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या अहवालांतही ‘लाइकली’ किमान ६६ आणि ‘व्हेरी लाइकली’ किमान ९० टक्क्यांसाठी ठरवून दिलेले आहे, त्यामुळे तेथे दोन्हींना सरसकट ‘बहुधा’ लिहिणारा अनुवादक मधला सगळा फरक गिळून टाकतो.