मिशेल री आणि वॉशिंग्टनच्या शाळा: घडी बसवली की विस्कटली?

खडूफळा (मूळ धागा)

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन इथल्या सरकारी शाळांच्या माजी प्रमुख मिशेल री यांचा विषय निघाला की गाडी लगेच त्यांच्या फटकळपणावर आणि शिक्षकांच्या हकालपट्टीवर जाते. कामाचं बोलू. 2007 साली महापौर एड्रियन फेंटी यांनी शहरातल्या सरकारी शाळांचा कारभार स्वतःच्या हाती घेतला आणि री यांना चॅन्सेलर, म्हणजे शाळांच्या प्रमुख, नेमलं. दहा वर्षांतल्या त्या सातव्या प्रमुख. त्या वर्षी राष्ट्रीय चाचणीत आठवीची जेमतेम 8 टक्के मुलं गणितात अपेक्षित पातळीला पोचली होती, आणि तरी 95 टक्के शिक्षकांना समाधानकारक शेरा मिळत होता.

ही विसंगती मोडायला 2009-10 पासून शिक्षकांचं 'इम्पॅक्ट' नावाचं मूल्यमापन आलं. वर्षाला पाच वर्गनिरीक्षणं: तीन शाळेतल्या प्रशासकाची, दोन बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञ शिक्षकाची. एकूण गुण 100 ते 400. 175 च्या खाली आलात तर नोकरी गेली. 175 ते 249 मध्ये लागोपाठ दोन वर्षं राहिलात तरी गेली. 350 च्या वर बोनस, जास्तीत जास्त 25,000 डॉलर. माझ्या मते री यांचं सगळ्यात टिकाऊ काम हेच. बाहेरचा निरीक्षक फार मोलाचा, कारण रोज तोंडासमोर असलेल्या सहकाऱ्याला कमी गुण द्यायला मुख्याध्यापक कचरतात.

बेरीज_वजाबाकी

निरीक्षणांबद्दल सहमत, पण निम्मी गोष्ट तुम्ही सांगितलीच नाहीत. चौथी ते आठवीला भाषा आणि गणित शिकवणाऱ्यांचे 50 टक्के गुण मुलांच्या परीक्षेवरून ठरत. मुलाच्या मागच्या वर्षीच्या गुणांवरून यंदा किती पडायला हवेत ते काढायचं. जास्त पडले तर श्रेय शिक्षकाचं, कमी पडले तर खापरही त्याच्यावर. आता मागच्या वर्षीचे गुणच फुगवलेले असतील तर? चौथीत कुणी उत्तरं खोडून दुरुस्त केली की त्याचा फटका पाचवीच्या शिक्षकाला. कितीही चांगलं शिकवलं तरी त्या मुलांची 'घसरण'च दिसणार.

ही नुसती शंका नाही. चुकीचं उत्तर खोडून बरोबर केल्याचं प्रमाण शंभरहून अधिक शाळांत संशयास्पद होतं, हे 2011 मध्ये यूएसए टुडे या दैनिकाने छापलं. गुण वाढले की मुख्याध्यापकालाही बोनस होता, हे विसरू नका.

खडूफळा

शहराच्या महानिरीक्षकांच्या 2012 च्या चौकशीत व्यापक गैरप्रकार सिद्ध झाला नाही. शिवाय परीक्षेच्या गुणांवर मोजले जाणारे शिक्षक पाचांत एक इतकेही नव्हते, आणि 2012 मध्ये तो वाटा 50 वरून 35 टक्क्यांवर आणला गेला.

थॉमस डी आणि जेम्स वायकॉफ या संशोधकांचा 2013 चा अभ्यास बघा. 250 च्या रेषेच्या जरा खाली आणि जरा वर असलेल्या, म्हणजे जवळपास सारख्याच शिक्षकांची त्यांनी तुलना केली. खालचे जास्त प्रमाणात आपणहून सोडून गेले, आणि जे राहिले त्यांचे गुण पुढच्या वर्षी सुधारले. धाकाचा उपयोग झाला.

बेरीज_वजाबाकी

त्या चौकशीचा भर मुख्यतः एकाच शाळेवर होता. बाकीच्या खणल्याच नाहीत, तर सापडणार काय?

आणि 'गुण सुधारले' म्हणजे इम्पॅक्टचे गुण इम्पॅक्टनेच मोजले. 2013 च्या अखेरीस आकडेमोडीतली चूक उघड झाली: 44 शिक्षकांचे गुण चुकले होते, काहींचे वर, काहींचे खाली. त्यातल्या एकाची तर नोकरी गेलेली होती.

मधली_सुट्टी

शाळा बंद करण्याबद्दल कुणीच का बोलत नाही? 2008 मध्ये 23 शाळांना कुलूप लागलं. अंदाज होता 97 लाख डॉलर खर्चाचा, 2012 च्या लेखापरीक्षणात निघाले 3 कोटी 95 लाख. यादी आधी जाहीर झाली, सुनावण्या नंतर. वस्तीतल्या पालकांनी मग विश्वास कशावर ठेवायचा? फेंटी 2010 ची पक्षांतर्गत निवडणूक हरले त्याला हा रागही कारण होता. ऑक्टोबरात री यांनी राजीनामा दिला.

शिक्षकांशी झालेल्या जून 2010 च्या करारातली 21.6 टक्के पगारवाढही पूर्णपणे शहराच्या तिजोरीतली नव्हती. खाजगी प्रतिष्ठानांनी 6 कोटी 45 लाख डॉलर देऊ केले होते, आणि नेतृत्व बदललं तर फेरविचाराचा हक्क स्वतःकडे राखला होता. सरकारी शाळेचा प्रमुख कोण असावा यात देणगीदाराचा हात नको, यावर मी ठाम आहे.

खडूफळा

देणगीची अट चुकीची होती, हे मान्य. पण री गेल्यावर त्यांच्या उपप्रमुख काया हेंडरसन यांनी इम्पॅक्ट चालू ठेवलं आणि राष्ट्रीय चाचणीतली शहराची चौथीच्या गणिताची सरासरी 2007 च्या 214 वरून 2013 मध्ये 229 ला गेली.

बेरीज_वजाबाकी

हाच आकडा 2003 ला 205 होता. म्हणजे चढ री येण्याआधीच सुरू झालेला. त्यात ही सरासरी अख्ख्या शहराची, चार्टर शाळा (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) धरून. आणि त्याच काळात शहरात राहायला येणारी कुटुंबंही बदलत होती. इम्पॅक्टचा वाटा काढायचा तर आधी हे सगळं वजा करा, मग बोलू.