सीईटी पीसीएम दुपारची शिफ्ट, मॅथ्सची उत्तरं जुळवा कोणीतरी

बाकडा_नंबर_तीन:
आज दुपारच्या शिफ्टला कोण कोण होतं? फिजिक्स-केमिस्ट्री वीस मिनिटं आधीच संपलं माझं, पण दीड तास झाल्याशिवाय मॅथ्स काही उघडत नाही, मग नुसता स्क्रीनवरच्या घड्याळाकडे बघत बसलो आणि त्यातच डोकं गार पडलं बहुतेक. रफ पेपर पण काढून घेतला बाहेर पडताना, त्यामुळे सगळं आठवून लिहितोय.
रूट साइन भागिले रूट साइन अधिक रूट कॉस, त्याचं इंटिग्रेशन: पाय बाय फोर
ए बार, बी बार आणि त्यांची बेरीज तिन्ही युनिट व्हेक्टर, मधला कोन: 120
लीप वर्षात 53 रविवार किंवा 53 सोमवार यायची प्रोबॅबिलिटी: 2/7
मित्र म्हणतो यातली दोन चुकलीत, कुठली ते सांगत नाही, नालायक आहे.

चहा_दोन_कटिंग:
कोन 60 ना रे? तिन्ही सारखे म्हणजे समभुज त्रिकोण, सरळ आहे की. मी तर दहा सेकंदात टिक करून पुढे गेलो 😎

डेरिव्हेटिव्हचा_शेजारी:
@कटिंग त्रिकोण बरोबर पण कोन चुकीचा धरलास. त्रिकोणात बी बार ए बारच्या टोकापासून सुरू होतो, आणि दोघांमधला कोन मोजताना दोन्ही एकाच बिंदूतून काढायचे, म्हणून बाहेरचा 120. पटत नसेल तर वर्ग कर, 1 + 1 + 2 कॉस थीटा = 1, कॉस मायनस अर्धा.
आणि बाकडा, 2/7 फक्त रविवारचं उत्तर आहे. 366 म्हणजे 52 आठवडे आणि वर दोन दिवस. शनि-रवि, रवि-सोम, सोम-मंगळ अशा तीन जोड्या चालतात, सातपैकी तीन. 'किंवा' वाचलंच नाहीस तू.

चहा_दोन_कटिंग:
गेले 2 मार्क. निगेटिव्ह नाही तेवढंच बरं.

सकाळची_शिफ्ट_वाली:
आम्हाला यातलं काहीच नव्हतं, आमचा पेपर नुसता लांबलचक, शेवटचे सहा प्रश्न मी डोळे मिटून सी मारले. तुमचा सोप्पा दिसतोय, म्हणजे आमचं नुकसान ना?

डेरिव्हेटिव्हचा_शेजारी:
तसं नसतं गं. पर्सेंटाइल आपापल्या शिफ्टमधल्या पोरांशीच लावतात. आमचा सोपा गेला असेल तर इथे सगळ्यांनाच जास्त पडणार, एक प्रश्न चुकला तरी धाडकन खाली.

अकरावी_कोण_वाचतं:
कोणी इंटिग्रेशनबद्दल बोलेना. लिमिट्स काय होत्या? मला खाली पाय बाय सिक्स, वर पाय बाय थ्री आठवतंय, बेरीज पाय बाय टूच येते म्हणून प्रॉपर्टी तीच लागते, एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स टाकून दोन्ही आय मिळवले की आत 1 उरतो, 2 आय म्हणजे लिमिट्समधला फरक पाय बाय सिक्स, आय म्हणजे पाय बाय ट्वेल्व्ह.

बाकडा_नंबर_तीन:
नाही नाही, शून्य ते पाय बाय टूच होतं. क्लासमध्ये शंभर वेळा सोडवलंय ते.

अकरावी_कोण_वाचतं:
क्लासमध्ये शंभर वेळा सोडवलंस म्हणूनच विचारतोय 😂 पेपरात काय होतं?

डेरिव्हेटिव्हचा_शेजारी:
मला पण सिक्स-थ्रीच होतं. रिस्पॉन्स शीट लॉगिनमध्ये आली की बघ, आणि ऑब्जेक्शन वगैरे टाकू नकोस, प्रश्नामागे पैसे घेतात.

बाकडा_नंबर_तीन:
थांबा. पाय बाय ट्वेल्व्ह ऑप्शनमध्ये होतं. आत्ता आठवलं, मी ते बघून मनातल्या मनात हसलो होतो, म्हटलं हे कोणाचं येणार 🤦
आई विचारतेय कसा गेला, जेवून सांगतो म्हटलंय.