४८ तासांची ऑफर: आधी ईमेल, मग डिपॉझिट

तुमच्या मुलीला ऑफर देणारा पहिला फुटबॉल (सॉकर) क्लब ४८ तासांत डिपॉझिट मागतोय आणि दुसऱ्याच्या ट्रायआउट्स (निवड चाचण्या) पुढच्या आठवड्यात, असं तुम्ही लिहिलंय. अमेरिकेत मे-जूनमध्ये हे नेहमीचंच. आजच पहिल्या क्लबला ईमेल करून मुदत वाढवून मागा, फार तर नाही म्हणतील. हातात ऑफर आहे हे दुसऱ्यालाही कळवा. काही कोच मुलीला ट्रायआउटआधीच एखाद्या सरावाला बोलावून बघतात.

कुठला संघ, कोच कोण, रोस्टरवर (संघाच्या यादीत) किती जणी, हे लेखी घ्या. बारा वर्षांखालच्या गटात ९ विरुद्ध ९ खेळतात; १६ जणी घेतल्या असतील तर कुठल्याही क्षणी ७ बाकावर. ‘पूल प्लेअर’ (गरज पडली तरच संघात बोलावतात अशी खेळाडू) लिहिलं असेल तर ती पक्की जागा नव्हे, मग तोंडी काहीही सांगोत.

खरी मेख करारात. डिपॉझिट बहुधा परत मिळत नाहीच, पण ‘ॲक्सेप्ट’ दाबलं की अनेक क्लब वर्षाची पूर्ण फी तुमच्या नावावर लावतात. हप्ते ही फक्त भरायची सोय. मधेच सोडलं तर थकबाकी चुकती होईपर्यंत रिलीज (दुसऱ्या क्लबात जायची परवानगी) अडकू शकतं. दुखापत किंवा घर बदलणं याला सूट आहे का, तेही बघा. किट आणि बाहेरगावच्या स्पर्धांचा खर्च बहुतेकदा वेगळाच असतो.