चर्चा ऐकताना आपला पक्ष किती आड येतो? सातारा-सांगलीकरांचे अनुभव

वादात कोण वरचढ ठरलं हे आपण खरंच ऐकून ठरवतो की आधीच ठरवून ऐकायला बसतो? याबद्दल डोळ्यांदेखत घडलेलं लिहा. कुठला पक्ष चांगला, हा विषय इथे नको. सुरुवात मी करते.

१८ ऑक्टोबर २०१९. साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले ती सभा आम्ही घरी टीव्हीवर बघत होतो. लोकसभेचा उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असं ते त्या भाषणात म्हणाले. सासरे त्यांचे जुने समर्थक, दीर कडवे विरोधक. सासरे म्हणाले, "चूक कबूल करायला छाती लागते." दीर त्याच वाक्यावर म्हणाले, "घ्या, यांना माणसं ओळखता येत नाहीत हे स्वतःच सांगून टाकलं." पुढे तासभर दोघं तावातावाने बोलले. पण तू असं का ऐकलंस, हे एकाने दुसऱ्याला विचारलं नाही. मला त्याचंच वाईट वाटतं.

निवृत्त शिक्षक, कराड

वादविवाद स्पर्धांचं परीक्षण मी बरीच वर्षं करतो आहे. गुणपत्रकात आशय, मांडणी, खंडन, भाषा असे रकाने असतात. एका स्पर्धेत विषय शेतकरी कर्जमाफीचा होता. विरोधी बाजूची मुलगी खंडनाला उभी राहण्याआधीच शेजारचे परीक्षक तिच्या खंडनाच्या रकान्यात आकडा घालून मोकळे झाले होते. ती म्हणत होती, बँकेचं कर्ज असेल त्यालाच माफी मिळते, सावकाराकडून घेतलेल्या अल्पभूधारकाच्या हाती काहीच पडत नाही. मुद्दा बिनतोड होता. आमचे परीक्षक म्हणाले, "आवाज फार चढवते, आक्रस्ताळी आहे." त्याआधी कर्जमाफीच्या बाजूने बोललेला मुलगा तिच्याहून मोठ्याने बोलला होता. त्याच्यापुढे यांनीच 'पोटतिडकीने बोलतो' असा शेरा लिहिला होता.

राजकीय कल उघडपणे फार क्वचित बोलतो. तो शैलीच्या आड लपतो. मुद्द्याला उत्तर सुचलं नाही की माणूस आवाजाला, हातवाऱ्यांना, उच्चारांना नावं ठेवतो. म्हणून आम्ही आता एक पद्धत पाडली आहे. गुण देण्याआधी प्रत्येक परीक्षकाने कागदाच्या मागे दोन्ही बाजूंचा सर्वांत भक्कम मुद्दा एकेका वाक्यात लिहायचा. काहींना नावडत्या बाजूचा मुद्दा आठवतच नाही, मग ते शेजारच्याला विचारतात. वेळ जातो, पण जाऊ द्यावा.

गावभाग, सांगली

आमच्याकडे सर्वांत मोठा वाद अलमट्टीचा, म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या या धरणाच्या फुगवट्याने सांगलीत पूर येतो की नाही याचा. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलेलं, त्यामुळे या विषयावर शांतपणे बोलणं अवघडच. धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा कर्नाटकचा प्रस्ताव आहे. पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला पुराचं थेट कारण मानलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं.

आता गंमत नाही, चिंतेची गोष्ट सांगतो. समिती नेमली फडणवीस सरकारने. अहवाल आला २०२० मध्ये, तेव्हा सरकार महाविकास आघाडीचं. आमच्या कट्ट्यावर अहवाल न वाचताच दोन तट पडले. एका तटाला तो 'आपल्या सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांचा' म्हणून मान्य, दुसऱ्याला त्याच कारणाने अमान्य. काही दिवसांनी कोणीतरी सांगितलं की अहवाल स्वीकारणारे मंत्री जिल्ह्यातलेच, जयंत पाटील. झालं, दोन्ही तटांतली निम्मी माणसं इकडची तिकडे. पावसाचे आकडे, विसर्गाच्या वेळा, पूररेषेतली बांधकामं, यांवर एकही प्रश्न नाही. पुढच्या पुरात बुडणार मात्र सगळे मिळून. अहवालावर हरकत घ्यायला जागा आहे, अभ्यासू माणसं ती घेतातही. पण हरकत अहवालावर हवी, तो कोणाच्या काळात आला यावर नको.

मानसशास्त्राची प्राध्यापिका, मिरज

यावर जुने प्रयोग आहेत. १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी फाशीच्या शिक्षेचे समर्थक आणि विरोधक अशा ४८ विद्यार्थ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले, एक बाजूचा, एक विरोधातला. वाचून मतं जवळ येतील असं वाटेल, पण ज्याने त्याने आपल्याविरुद्धच्या अभ्यासातल्या त्रुटी काढल्या आणि आपापलं मत आणखी घट्ट झाल्याचं सांगितलं. त्याआधी १९५४ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकेतल्या शिक्षणसंस्थांमधल्या एका अमेरिकन फुटबॉल सामन्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले नियमभंग प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या मुलांपेक्षा दुपटीहून जास्त दिसले. कुस्तीचं मैदान पाहिलेल्यांना हे नवं नाही. खांदे टेकले की नाही, हे पैलवान कुठल्या तालमीचा यावर प्रेक्षक ठरवतात. पंच म्हणूनच लागतो.

ऊस उत्पादक, वाळवा तालुका

सगळ्यालाच पूर्वग्रह म्हणू नका. कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी, असा कायदा आहे. ज्याने माझं बिल रखडवलं, त्याच्या भाषणावर माझा विश्वास बसत नसेल तर तो माझा अनुभव आहे. मात्र एक गोष्ट मलाही खटकते. विरोधी गटाच्या कारखान्याने बिल थकवलं की आमच्याकडे 'लुटारू', आपल्या गटाच्या चेअरमनने थकवलं की 'कारखाना अडचणीत आहे, समजून घ्या'. असं बोलणाऱ्यांना मी त्यांच्याच तोंडावर १४ दिवसांचा नियम वाचून दाखवतो. राग येतो त्यांना. येऊ द्या.

धागाकर्ती

कराडच्या सरांना विचारते, कागदामागे लिहिलेले ते मुद्दे तुम्ही स्पर्धकांना दाखवता का?

निवृत्त शिक्षक, कराड

दाखवतो. निकालानंतर दोन्ही संघांना झेरॉक्स देतो. पूर्वी 'परीक्षक त्यांच्याकडचे होते' एवढीच तक्रार यायची. आता 'आमचा दुसरा मुद्दा तुमच्यापैकी कोणीच नोंदवलेला नाही' अशी नेमकी तक्रार येते, आणि तशी आली की आम्ही तिघं परत बसून गुण तपासतो.