विषय: फिर्याद मागे घेता येते का?

मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार,

घरचं दुखणं इथं मांडते आहे, कारण इथून दुसरं कोणाला विचारावं कळत नाही. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. आखाजी (अक्षय तृतीया) होऊन आठ दिवस झाले नसतील, चुलतकाकांच्या ट्रॅक्टरनं आमचा बांध कोरला. वडील विचारायला गेले, तर काका आणि त्यांच्या दोन्ही मुलांनी त्यांना मारलं. उजव्या हाताचं हाड मोडलं. वय ६८. गुन्हा दाखल झाला.

आता आजी रोज फोनवर एकच म्हणते, "घरनं भांडन घरमाच मिटाडा." काका दवाखान्याचा खर्च द्यायला तयार आहेत. वडील ठाण्यात जाऊन म्हणाले, मला केस चालवायची नाही. उत्तर मिळालं, आता ते तुमच्या हातात नाही. फिर्याद वडिलांची, मोडलेला हात वडिलांचा, मग त्यांच्या हातात कसं नाही? मी इथून मुखत्यारपत्र वगैरे करून काही करू शकते का?

अमळनेरची लेक, न्यू जर्सी

---

बेटा,

धुळ्याच्या कोर्टात तीस वर्षं वकिली केली, आता मुलाकडे टेक्सासला असतो. हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारायचं.

ठाण्यात सांगितलं ते खरं आहे, पण अर्धंच. गुन्हा नोंदला की खटला सरकारचा होतो. कागदावर "महाराष्ट्र शासन विरुद्ध" असतं, तुझे वडील त्यात फिर्यादी आणि साक्षीदार. तू राहतेस तिथंही असंच आहे, खटला सोडायचा की नाही ते सरकारी वकील ठरवतो.

पण काही गुन्हे कायद्यानंच तडजोडीला मोकळे ठेवले आहेत. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२० होतं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५९ आहे. साधी मारहाण असेल तर मार खाल्लेला माणूस स्वतः मिटवू शकतो. हाड मोडलं की ती जबर दुखापत. न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ११७(२), शिक्षा सात वर्षांपर्यंत. तीसुद्धा मिटते, मात्र कोर्टाच्या परवानगीनं. परवानगी मिळून तडजोड नोंदली गेली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच.

म्हणून मला दोन गोष्टी कळव. मारलं कशानं? विळा, कुऱ्हाड असं हत्यार असेल तर कलम ११८(२) लागतं, आणि ते तडजोडीच्या यादीत नाही. काठी असली तरी पोलीस कधी कधी तेच लावतात. दुसरं, नावं किती? पाच झाली की "गैरकायद्याची मंडळी जमवून" हे वाक्य फिर्यादीत येतंच, आणि दंगलीचं कलमही तडजोडीत बसत नाही. तसं असेल तर संभाजीनगरच्या खंडपीठात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली ग्यान सिंग खटल्यात सांगितलं की खाजगी स्वरूपाचा वाद खरोखर मिटला असेल तर उच्च न्यायालय असा गुन्हा रद्द करू शकतं. खून, बलात्कार, दरोडा यांना ती वाट बंद.

मुखत्यारपत्राचा विचार सोड. ज्याला दुखापत झाली, त्यानंच कोर्टापुढं उभं राहून सांगायचं.

आणि एक हात जोडून सांगतो. गावात कोणीतरी सल्ला देईल, "कोर्टात फिरून जा, मला काही आठवत नाही म्हण." ते करू देऊ नकोस. खरी फिर्याद देऊन शपथेवर उलटं बोलणं ही खोटी साक्ष होते, आणि तिलाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी डोळ्यांदेखत फितूर होणारी माणसं पाहिली आहेत. मार त्यांनीच खाल्लेला आणि मानही त्यांचीच खाली.

नाना

---

नाना, कायदा समजला. पण ताई, मला काळजी वेगळीच वाटते. मिटवायचंय कोणाला? आजीला की वडिलांना?

आमच्या शिरपूरकडे माझ्या मावसबहिणीला सासरच्यांनी मारलं होतं. चार मोठी माणसं ओट्यावर बसली, चहा झाला, तिनं सही केली. तिला कोणी विचारलंच नाही. २००७ साली १५ ऑगस्टला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, अजूनही वाटतं की गावानं बसून तंटा मिटवावा. पण दुबळ्याला गप्प बसवून मिटलेला तंटा परत उठतो. वडिलांना एकटं गाठून विचार. आजी शेजारी नको.

अक्का, टोरोंटो

---

अक्का म्हणतात ते अगदी बरोबर. परवानगी मागितली की न्यायाधीशही तेच बघतात, दबाव आहे का. नव्या कायद्यात तर सरकारी वकिलालाही खटला मागे घ्यायचा असेल, तरी आधी पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टानं तशी परवानगी द्यायची नाही. आणि लहान मुलांवरच्या अत्याचारात तर आईबापांनी लिहून दिलं तरी मिटत नाही. राजस्थानच्या एका शिक्षकाचा गुन्हा असाच तडजोडीवर रद्द झाला होता, सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा उभा केला.

नाना

---

नाना, अक्का,

काल रात्री वडिलांशी बोलले. ते शेतात होते, एकटेच. फिर्यादीत नावं तीनच, हत्यार नाही. ढकलल्यावर बांधावरच्या दगडावर पडले. कलम ११७(२) आहे.

मी विचारलं, तुम्हाला खरंच मिटवायचंय का? बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भावाला तुरुंगात पाठवायचं नाही. पण बांध जिथं होता तिथं पाहिजे, आणि पोरांनी येऊन माझ्यासमोर बसलं पाहिजे."

आता भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज करतोय. मोजणी होऊन खुणा रोवल्या जाईपर्यंत वडील कशावर सही करणार नाहीत, हे मी आजीलाही सांगितलं. नाना, दोषारोपपत्र दाखल झालं की अमळनेर कोर्टात परवानगीचा अर्ज कसा करायचा, ते तेव्हा फोनवर विचारीन.